झिगी मार्ली अँड द मेलडी मेकर्स

जमैकातील चार भावंडांचा रेगे (तिथेच जन्मलेली संगीतशैली) बँड. रेगेचे सर्वांत विख्यात गायक बॉब मार्ली आणि गायिका रीटा मार्ली यांची ही मुले : शॅरन (जन्म १९६४), सेडेला (१९६७), डेव्हिड ऊर्फ झिगी (१९६८) आणि स्टीफन (१९७२). शॅरन ही रीटाला लग्नाआधी झालेली मुलगी. बॉबने तिला दत्तक घेतले होते. मेलडी मेकर्स हे नाव एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकावरून पडले.

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होते. त्या वर्षी बॉबने स्वतः रचलेले ‘चिल्ड्रन प्लेइंग इन द स्ट्रीट्स’ हे गाणे मुलांकडून गाऊन घेतले आणि त्याचे मानधन संयुक्त राष्ट्रांच्या बालकार्यासाठी देऊ केले. स्टीफन तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. घरातल्या पोरांचे कौतुक म्हणून हा प्रयोग तिथेच थांबला असता. पण दोनच वर्षांत, ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी बॉब कर्करोगाने गेले. २१ मे रोजी जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये शासकीय इतमामात त्यांचा अंत्यविधी झाला, त्यातही ही मुले गायली. बॉबने मृत्युपत्र केले नव्हते. त्यामुळे मालमत्तेचे खटले जवळपास दशकभर चालले आणि बँडची उमेदीची वर्षे त्या सावलीतच गेली.

पहिला अल्बम ‘प्ले द गेम राइट’ १९८५ मध्ये निघाला. पुढे झिगीचे नाव बँडच्या नावाआधी लागू लागले. त्याचा गळा वडिलांशी इतका मिळताजुळता, की श्रोते त्याच्यात बॉबलाच शोधत राहिले. यात झिगीवर अन्याय झालाच, पण बहिणींवर त्याहून अधिक झाला. बॉबच्या मागे उभ्या राहून रीटा, ज्यूडी मोवॅट आणि मार्शिया ग्रिफिथ्स या ‘आय-थ्रीज’ ज्या सुरावटी भरत, तीच जागा इथे शॅरन आणि सेडेला यांनी सांभाळली. मुलांनी बापाचा वारसा चालवला असे सगळे म्हणतात. हा बँड आईच्या पावलांवरही तेवढाच चालला, हे सहसा कोणी म्हणत नाही.

या गाण्यांचा ठेका आपल्या कानाला आधी चकवतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा ड्रमवर जवळजवळ मोकळी सोडतात आणि जोर तिसरीवर देतात. जिथे आपण समेची वाट पाहतो, तिथेच पोकळी. गिटार मात्रांच्या मधल्या जागी तुटक वाजते, आणि चाल खऱ्या अर्थाने बास गिटार पुढे नेते. ही मुले या ठेक्यातच वाढली होती, म्हणून त्यात पॉप आणि पुढे हिप-हॉप मिसळताना ती बिचकली नाहीत.

१९८८ चा ‘कॉन्शस पार्टी’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम. ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकी बँडमधील क्रिस फ्रान्ट्झ आणि टीना वेमथ हे दांपत्य त्याचे निर्माते होते. साथीला ‘डालोल’ हा इथिओपियन वादकांचा बँड होता. रास्ताफारी हा मार्ली कुटुंबाचा, जमैकात उगम पावलेला धर्मपंथ; त्याच्या अनुयायांसाठी इथिओपिया ही पुण्यभूमी. तिथल्या वादकांनी मार्लींच्या मुलांना साथ करावी, याचे मोल त्या घराला वेगळे सांगायला नको. यातले ‘टुमॉरो पीपल’ हे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३९व्या क्रमांकापर्यंत गेले. ज्याला आपला भूतकाळ ठाऊक नाही त्याला भविष्य कुठले, असा त्याचा आशय आहे, आणि या चौघांच्या तोंडी तो पाठ केलेला वाटत नाही.

‘कॉन्शस पार्टी’, ‘वन ब्राइट डे’ (१९८९) आणि ‘फॉलन इज बॅबिलॉन’ (१९९७) या तिन्ही अल्बमना ग्रॅमी हे अमेरिकेतील मानाचे संगीत पारितोषिक मिळाले. रेगेसाठी स्वतंत्र ग्रॅमी १९८५ पासून सुरू झाले. बॉबला हयातीत एकही ग्रॅमी मिळाले नव्हते.

‘स्पिरिट ऑफ म्यूझिक’ (१९९९) हा त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. त्यानंतर चौघे आपापल्या वाटांनी गेले. झिगीने ‘ड्रॅगनफ्लाय’पासून (२००३) एकट्याने गायला सुरुवात केली. सेडेला वडिलांनी उभारलेल्या ‘टफ गाँग’ या ध्वनिमुद्रण कंपनीचा कारभार पाहू लागली. जमैकाच्या महिला फुटबॉल संघाची पैशांअभावी आबाळ होत होती, तेव्हा ती त्यांच्या पाठीशी उभी राहिली. हा संघ २०१९ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. कॅरिबियनमधून तिथवर पोचलेला तो पहिला महिला संघ.

स्टीफन मात्र स्टुडिओत रमला. ‘चांट डाउन बॅबिलॉन’ (१९९९) मध्ये त्याने वडिलांचा जुना ध्वनिमुद्रित आवाज घेऊन त्याला नव्या पिढीच्या रॅप आणि हिप-हॉप गायकांची जोड दिली. सावत्र भाऊ डेमियन याच्या ‘वेलकम टू जॅमरॉक’ची (२००५) निर्मितीही त्याचीच. बॉब गेले तेव्हा स्टीफन नऊ वर्षांचा होता. डेमियनला तिसरे वर्षही पुरे झाले नव्हते.