‘पुनर्वसन’ कोणाचे? मुंबईच्या घोडागाड्यांची पार्श्वभूमी

अपोलो बंदरावरच्या व्हिक्टोरिया घोडागाडीचा चंदेरी पत्रा आणि दिव्यांच्या माळा सगळ्यांना आठवतात. घोड्याचे तसे नाही. जवळ जाऊन पाहिले तर डोळ्यांना झापडे, तोंडाला तोबरा, साजाच्या पट्ट्याखाली केस झडून काळवंडलेली कातडी आणि पुढचा एक पाय किंचित पुढे टाकून उभे राहणे. मागचा पाय घोडा विसाव्यासाठी हलका धरतोच. पुढचा धरला तर समजावे की तो दुखतो आहे. फेरफटक्याला आलेल्यांना त्यात ऐट दिसायची.

मुंबईला जनावरांची कणव नवी नाही. 1832 मध्ये मोकाट कुत्री मारण्यावरून शहरात दंगल झाली आणि दोनच वर्षांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. 1874 मध्ये ट्राम सुरू झाली ती सुमारे 900 घोड्यांच्या जिवावर. 1905 मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली, दोन वर्षांनी विजेची आली. 1920 मध्ये भाड्याच्या गाड्यांसाठी कायदा झाला आणि व्हिक्टोरिया त्याखाली परवान्यावर धावू लागल्या. पुढे टॅक्सी आल्या, बस वाढल्या, घोडागाडीचे रोजच्या वाहतुकीचे काम सुटले आणि हौस तेवढी उरली. खरा गुंता तिथून सुरू होतो.

2011 मध्ये एका प्राणिमित्र संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. कोंदट तबेले, काँक्रीटच्या रस्त्यांवर झिजलेले पाय, अपुरे पाणी ही तक्रार होतीच. पण प्रश्न कायद्याचाही होता. चौपाटीवर एक चक्कर मारून प्रवाशाला पुन्हा त्याच जागी सोडणारी गाडी सार्वजनिक वाहन ठरते का? 8 जून 2015 च्या निकालाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. बैलांच्या खेळांवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिलेला निकाल त्यामागे होता. जनावराचे हाल गरजेपोटी होत असतील तर कायदा काही प्रमाणात ते सोसतो, करमणुकीपोटी होत असतील तर नाही, असा त्याचा रोख. गाड्या वर्षभरात बंद करायच्या आणि 2015 संपण्याआधी सरकारने पुनर्वसनाची योजना आखायची, असे ठरले. माणसांच्या आणि घोड्यांच्याही.

हा ‘घोड्यांच्याही’ शब्द पुढे कसा विरला, ते पाहण्यासारखे आहे. पुनर्वसन हा शब्द मराठीत धरणग्रस्तांमुळे रुळला. बुडीत क्षेत्र, पर्यायी जमीन, एकरकमी रक्कम. सरकारी फायलीतही तो तसाच चालतो. त्यामुळे गाडीवानांच्या वाट्याला काय यायचे, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही: भरपाई किंवा फेरीवाल्याचा परवाना. तेवढ्यावरूनही खूप घासाघीस झाली, आणि ती रास्त होती. ज्याने आयुष्यभर लगामच धरला, त्याच्या हाती टोपली देणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

घोड्याच्या बाबतीत मात्र या शब्दाला साचाच नव्हता. सांभाळायला संस्था तयार होत्या, पण घोडा मालकीचा होता. निकालाने गाडी थांबवली, मालकी काढून घेतली नाही. मालक घोडा संस्थेला देऊ शकत होता, तबेल्यात ठेवू शकत होता, गावी नेऊ शकत होता किंवा लग्नाच्या वरातीसाठी विकू शकत होता. म्हणजे छळ ठरलेले काम बंद झाले तरी त्याच घोड्याला दुसऱ्या गावी दुसरे काम लागायला वाट मोकळी होती. घोडा जप्त करायचा तर छळाचा गुन्हा हवा. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे, तोबऱ्यातल्या चंदीचाही, म्हणजे दाण्याचाही, खर्च त्यातून निघत नाही. 2017 च्या नियमांनी थोडी सोय केली. खटला चालू असताना जप्त जनावर पांजरपोळ किंवा निवाऱ्यात ठेवायचे आणि खर्चाचे बंधपत्र मालकाकडून घ्यायचे. पण हे जप्त जनावरापुरतेच. धंदा बंद पडल्यामुळे बिनकामाचा झालेला घोडा यात कुठेच बसत नाही.

निवाऱ्यात काम करणारे ‘पुनर्वसन’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळेच असते. उपाशी घोडा आला की बघ्यांना वाटते, आधी पोटभर चंदी द्या. घात तिथेच होतो. हाडे दिसणाऱ्या घोड्याला एकदम धान्य दिले तर रक्तातले क्षार ढासळतात आणि सुधारतोय असे वाटत असतानाच पहिल्या आठवड्यात तो कोसळू शकतो. म्हणून सुरुवात लसूणघासाच्या चाऱ्याने, तोही थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा. मग दात कानशीने घासायचे. कडा टोकदार झाल्या की घोडा चावताना घास तोंडातून टाकतो आणि मालक म्हणतो, ‘याला भूकच नाही.’ खुरांना सर्वांत जास्त वेळ लागतो. खूर महिन्याला सेंटीमीटरभर, बहुधा त्याहूनही कमी वाढते. वाकडी वाढलेली किंवा चुकीच्या नालेने फाटलेली खुरे सरळ व्हायला नालबंदाच्या बऱ्याच फेऱ्या आणि जवळजवळ वर्ष जाते. शिवाय ग्लँडर्सची तपासणी. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे रक्ताचा अहवाल येईपर्यंत नव्या घोड्याला इतरांत मिसळता येत नाही. अहवाल बाधित आला तर घोड्याला दयामरण द्यावे लागते.

2020 च्या टाळेबंदीत हा प्रश्न पुन्हा समोर आला, तोही निकालाशी संबंध नसलेल्या ठिकाणी. पर्यटक थांबताच माथेरानच्या घोड्यांची वैरण तुटली आणि बाहेरून चारा चढवावा लागला. रोजच्या कमाईवर रोजची चंदी, असे गणित असले की निष्काळजी नसलेल्या मालकाचा घोडाही महिन्याभरात खंगतो. मुंबईत मार्च 2021 मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या. दिसायला जुन्यासारख्याच, पुढे घोडा नाही. गाडीवानांसाठी हे पाऊल भरपाईपेक्षा बरे होते, हे मान्य करायला हवे. माथेरानला ई-रिक्षा आल्या तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला. मुंबईत काय झाले ते त्यांनी पाहिले होते.

देशभरातली घोडे-तट्टांची संख्या 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, 2019 मध्ये ती साडेतीन लाखांच्या आत आली. घट झाली म्हणून निवाऱ्यांवरचा भार कमी झालेला नाही. गाडीचा घोडा बारा-चौदा वर्षांचा असताना कामातून सुटला, तरी नीट सांभाळला तर आणखी दहा-बारा वर्षे सहज जगतो. रोज सहा-सात किलो सुका चारा, दीड-दोन महिन्यांनी नालबंद, वर्षातून एकदा दात. म्हणून घोडा दारात आला की निवाऱ्यातला जाणता माणूस आधी त्याचा जबडा उघडतो, दातांवरून वय काढतो आणि मगच घ्यायचे की नाही ते ठरवतो.