बरोबरीत सुटणारा डाव आणि बरोबरीचा डाव

शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेत हा प्रसंग हमखास येतो. पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि चार-पाच प्यादी उरलेली असतात. समोरचा खेळी करतो आणि घड्याळ दाबण्याआधी हळूच विचारतो, "ड्रॉ?" आपण पटाकडे बघतो, 'आहे की बरोबरीच' असं मनाशी म्हणतो आणि हात पुढे करतो.

सगळा घोटाळा त्या 'बरोबरीच' शब्दात आहे. मराठीत निकालालाही बरोबरी म्हणतात आणि तोडीस तोड असण्यालाही. 'डाव बरोबरीत सुटला' हा निकाल झाला. 'त्याची बरोबरी करू नकोस' यातली बरोबरी निराळी. एंडगेममध्ये, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, या दोन बरोबऱ्या बऱ्याचदा एकत्र नांदत नाहीत. एक डाव असा असतो, की दोघांनी अचूक खेळलं तर तो बरोबरीत सुटेल. दुसरा असा, की त्यात हरण्याची भीती दोघांना सारखीच असते किंवा दोघांनाही नसते. हा दुसरा खरा बरोबरीचा डाव. तो असेल तर खुशाल हात मिळवा. पहिला असेल, तर अचूक खेळायचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे ते आधी बघावं लागतं.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा १४वा डाव, गुण ६.५-६.५. तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेननं एक प्यादं गमावून मोहरी उडवत नेली होती. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि आव्हानवीर गुकेशची दोन प्यादी विरुद्ध डिंगचं एक. इंजिनच्या, म्हणजे डाव जोखणाऱ्या संगणकाच्या, लेखी बरोबरी. बघणारे दुसऱ्या दिवशीच्या टायब्रेकबद्दल (बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांबद्दल) बोलायला लागले होते. पण या डावात गुकेशला हरण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. त्याला नुसतं चालत राहायचं होतं. प्रत्येक खेळीला परीक्षा द्यायची होती ती डिंगला. ५५व्या खेळीला डिंगनं हत्ती एफ२ या घरावर आणला. हत्तींची मारामारी झाली, गुकेशनं उंट डी५ वर ठेवला. डिंगचा उंट ए८च्या कोपऱ्यात, त्याला पळायला जागाच नाही, म्हणून उंटही गेले. उरला राजा-प्याद्यांचा शेवट, आणि तो काळ्यानं, म्हणजे गुकेशनं, जिंकलेला होता. ५८व्या खेळीला डिंगनं डाव सोडला. ५४ खेळ्यांपर्यंत तो डाव 'बरोबरीत सुटणारा' होता. 'बरोबरीचा' तो बराच आधीपासून नव्हता.

त्याच्या ११ वर्षं आधी चेन्नईत आनंदनं हेच भोगलं होतं. २०१३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला पाचवा आणि सहावा, लागोपाठ दोन्ही डाव हत्तीच्या एंडगेममध्ये गेले, दोन्ही धरून ठेवता आले असते, आणि दोन्ही आव्हानवीर मॅग्नस कार्लसननं जिंकले. त्या वेळी पुष्कळ जण म्हणाले, 'यात खेळण्यासारखं काय आहे?' कार्लसनचं गणित साधं होतं: मला धोका नाही, मग मी कशाला थांबू?

मोबाईलवर इंजिन लावून डाव बघायची सवय लागल्यापासून हा घोटाळा वाढलाय असं माझं मत आहे. इंजिन ०.०० दाखवतं आणि आपण समजतो, दोन्ही पारडी सारखी. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजूंनी यंत्रासारखं खेळलं तर निकाल अर्धा-अर्धा. ते शून्य टिकवायला एकाला तीस खेळ्या तारेवरून चालावं लागेल आणि दुसरा चहा पीत बघत बसेल, हे तो आकडा सांगत नाही.

हत्तीचे शेवट घेऊ, कारण आपल्या पातळीवर सगळ्यात जास्त तेच येतात. 'हत्तीचे सगळे शेवट बरोबरीत सुटतात' ही बुद्धिबळातली जुनी थट्टा. हत्ती आणि प्यादं विरुद्ध नुसता हत्ती, यात दोन स्थिती पाठ असाव्याच लागतात. पहिली फिलिदोरची. अठराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस संगीतकारही होता. समजा पांढऱ्याचं प्यादं ई५ वर, राजा डी५ वर, हत्ती एच७ वर. काळ्याचा राजा ई८ वर. काळ्यानं हत्ती सहाव्या रांगेत, म्हणजे ए६ वर, ठेवायचा आणि त्याच रांगेत आडवा फिरवत राहायचा. पांढऱ्या राजाला पुढे यायला वाट मिळत नाही. कंटाळून त्यानं प्यादं ई६ ला ढकललं, की लगेच हत्ती पार खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा उरलेला नसतो. झाली बरोबरी.

दुसरी लुसेनाची. मोहरी तीच, निकाल उलटा. प्यादं सातव्या रांगेत, त्याच्या पुढे आठव्या रांगेत आपलाच राजा, आणि समोरच्याचा राजा आपल्या हत्तीनं एका बाजूला कोंडलेला. आता हत्ती चौथ्या रांगेत आणून ठेवला, की राजा बाहेर पडल्यावर लागणारे शह शेवटी त्या हत्तीच्या आडोशानं थांबतात. याला 'पूल बांधणं' म्हणतात. प्यादं अगदी कडेच्या पट्टीवर (उभ्या रांगेत) नसेल तर हा डाव जिंकलेला आहे, इथे ड्रॉ देणं म्हणजे अर्धा गुण रस्त्यावर टाकणं. (गंमत अशी, की लुसेनाच्या १४९७च्या पुस्तकात ही स्थिती नाहीच, ती साल्वियोच्या १६३४च्या पुस्तकात सापडते.)

या दोन स्थितींच्या मधला जो पट्टा आहे, तिथेच प्रस्ताव येतात. अशा वेळी समोरच्याचा हत्ती कुठे आहे ते बघा. तो आपण होऊन सहाव्या रांगेत जाऊन बसला असेल तर गड्याला फिलिदोर माहीत आहे. फार घाम गाळू नका. घाबरून शेवटच्या रांगेत राजाशेजारी येऊन बसला असेल तर प्यादं कोणत्या पट्टीवर आहे ते बघा. राजा प्याद्यासमोर असताना, ए, बी, जी, एच पट्ट्यांवर असा बसलेला हत्तीही तग धरतो. मधल्या पट्ट्यांवर तो हरतो. म्हणजे समोरच्याला फिलिदोर ठाऊक नाही, आणि तुम्ही ड्रॉ घेताय.

याहून मजेदार जोडी हत्ती-उंट विरुद्ध हत्ती आणि हत्ती-घोडा विरुद्ध हत्ती ही आहे. प्यादं कोणाकडेच नाही. दोन्ही सर्वसाधारणपणे बरोबरीत सुटणाऱ्या. घोडा असेल तर बचाव सोपा, आपल्यासारखाही टिकतो. उंट असेल तर ग्रँडमास्टरांचेही डाव हरलेत, कारण राजा कडेला ढकलला गेला की मात होण्याचे सापळे एकामागून एक लागतात. ५० खेळ्या काढल्या की बचाव करणारा बरोबरी मागू शकतो, पण त्या ५० खेळ्या खेळीमागे ३० सेकंदांच्या वाढीव वेळात काढायच्या असतात. तेव्हा घोडेवाल्यानं ड्रॉ दिला तर समजूतदारपणा. उंटवाल्यानं दिला तर आळस.

खरे बरोबरीचे डावही असतात, नाही असं नाही. पांढऱ्याकडे एच पट्टीवरचं प्यादं आणि पांढऱ्या घरांचा उंट, आणि काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात पोचलेला. ते घर काळं, उंटाला ते कधीच मारता येत नाही. तिथे शंभर खेळ्या खेळा, काही होणार नाही. विरुद्ध रंगाचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांचा, दुसऱ्याचा काळ्या) उरले असतील तर दोन प्यादी जास्त असूनही पुष्कळदा तेच. फक्त हत्तीही पटावर आहेत का ते बघा. असतील तर विरुद्ध रंगाचे उंट हल्ला करणाऱ्याला साथ देतात, आणि 'विरुद्ध उंट म्हणजे ड्रॉ' हे पाठांतर अंगाशी येतं.

ओझं आपल्याच डोक्यावर असेल तर उत्तर अगदी छोटं आहे: घ्या. मानापमान नको. घाई मात्र नको. प्रस्ताव आल्यावर आपल्या घड्याळावर हवा तेवढा विचार करता येतो. तोंडी नकार देईपर्यंत किंवा खेळायच्या इराद्यानं मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो कायम असतो. पुष्कळ जण सवयीनं मोहरं उचलतात आणि मग 'बरं, ड्रॉ' म्हणतात. तोवर वेळ गेलेली असते.

माझा स्वतःचा हत्ती-उंटाचा डाव असाच गेला. उंट माझ्याकडे होता. समोर एक निवृत्त गृहस्थ, घड्याळात दीड मिनिट. त्यांनी ड्रॉ विचारला, मी 'पुस्तकी बरोबरी आहे, काका' असं मोठ्या रुबाबात म्हणून हात मिळवला. बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना विचारलं, "बचाव कसा करणार होतात?" ते म्हणाले, "मला कुठे येतो? तुला येत असेल तर दाखव." पिशवीतला पट त्यांनी बाकावर उलगडला. या वेळी उंट त्यांच्याकडे आणि नुसता हत्ती माझ्याकडे. चहा संपायच्या आत मला मात झाली होती.