ओबामा यांची अध्यक्षीय उमेदवारी (२००८)

ओबामा यांची अध्यक्षीय उमेदवारी (२००८) : अमेरिकेतील प्रमुख पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कृष्णवर्णीय व्यक्तीला दिलेली पहिली उमेदवारी. इलिनॉयचे सिनेटर बराक ओबामा यांनी १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफील्ड येथील जुन्या विधानभवनासमोर आपली उमेदवारी घोषित केली. लिंकन यांनी १८५८ मध्ये गुलामगिरीवरील गाजलेले भाषण केले ते याच वास्तूत. डेमोक्रॅटिक पक्षाचे नामांकन ओबामांनी २८ ऑगस्ट २००८ रोजी डेन्व्हर येथे स्वीकारले. प्रचाराचा सविस्तर वृत्तांत येथे दिलेला नाही. या उमेदवारीने कृष्णवर्णीय समाजात जागवलेली आशा आणि तिच्याइतकीच खरी असलेली भीती हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

‘पहिली’ हे विशेषण जपून वापरावे लागते. १८८८ च्या रिपब्लिकन अधिवेशनात गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांना एका प्रतिनिधीचे मत पडले होते. १९०४ मध्ये जॉर्ज एडविन टेलर एका छोट्या पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे होते. प्रमुख पक्षाच्या नामांकनासाठी रीतसर लढा देण्याची परंपरा मात्र शर्ली चिझम यांच्यापासून (१९७२) धरणे सयुक्तिक ठरते. ब्रुकलिनच्या या काँग्रेस सदस्येला मायामी बीचच्या अधिवेशनात १५२ मते मिळाली. कृष्णवर्णीयांच्या जहाल ब्लॅक पँथर पक्षाने त्यांना पाठिंबा दिला होता. त्याच पक्षाच्या नावावरून प्रेरणा घेऊन त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नागरी हक्क चळवळीतील जेसी जॅक्सन १९८४ व १९८८ मध्ये लढले आणि दुसऱ्या खेपेस त्यांनी सुमारे ७० लाख मते मिळवली.

या प्रत्येक प्रयत्नाला जिवाचे भय चिकटलेले होते. मेडगर एव्हर्स (१९६३), माल्कम एक्स (१९६५) आणि मार्टिन ल्यूथर किंग (१९६८) यांच्या हत्या लोकांनी प्रत्यक्ष अनुभवल्या होत्या. चिझम यांना धमक्या येत होत्या. मे १९७२ मध्ये प्रतिस्पर्धी जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळीबार झाला. वर्णभेदाचा कैवार घेणाऱ्या या माणसाला भेटायला चिझम रुग्णालयात गेल्या, त्याबद्दल स्वतःच्या मतदारांचा रोष त्यांनी पत्करला. माजी सेनाधिकारी कॉलिन पॉवेल यांनी १९९५ मध्ये निवडणूक न लढवण्याचे ठरवले, त्यात पत्नीला वाटणारी त्यांच्या जिवाची काळजी हे एक कारण मानले जाते. ओबामांना मे २००७ मध्येच, म्हणजे मतदानाच्या दीड वर्ष आधी, सीक्रेट सर्व्हिसचे (अध्यक्षांच्या सुरक्षेसाठी असलेल्या केंद्रीय दलाचे) संरक्षण देण्यात आले. इतक्या लवकर ते तोवर कोणत्याही उमेदवाराला मिळालेले नव्हते. काळा माणूस पेट्रोल पंपावर जातानाही गोळीला बळी पडू शकतो, असे मिशेल ओबामा यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले. दक्षिण कॅरोलायनातील अनेक वयस्क स्त्रिया ‘त्याला मारतील’ म्हणून त्याला मत द्यायला कचरत होत्या. या भीतीला भाबडी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ती अनुभवातून आलेली होती.

दुसरी भीती मतपेटीची होती, आणि अभ्यासकांचा वाद मुख्यतः हिच्याभोवती आहे. तिला ‘ब्रॅडली परिणाम’ म्हणतात. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते. जनमत चाचण्यांत ते पुढे होते, मतदानोत्तर चाचणीनेही त्यांचाच विजय वर्तवला. प्रत्यक्षात ते जॉर्ज ड्यूकमेजियन यांच्याकडून सुमारे ९३,००० मतांनी हरले. गोरे मतदार चाचणी घेणाऱ्याला तोंडदेखले उत्तर देतात आणि पडद्याआड वेगळे मत टाकतात, असे स्पष्टीकरण रूढ झाले. १९८९ मध्ये व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर यांची चाचण्यांतील मोठी आघाडी सात हजारांहून कमी मतांवर घसरली, तेव्हा या तर्काला बळ मिळाले. काही लेखक त्यामुळे ‘वाइल्डर परिणाम’ हे नाव पसंत करतात.

मूळ उदाहरण मात्र वाटते तितके पक्के नाही. ब्रॅडली मतदान केंद्रांवरील मतांत पुढे होते, ते मागे पडले टपाली मतांत, आणि मतदानोत्तर चाचणीच्या कक्षेत टपाली मतदार येतच नाहीत. त्याच मतपत्रिकेवर पिस्तुलांवरील निर्बंधांचा प्रस्ताव होता, त्यामुळे ग्रामीण भागातील विरोधी मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडला. ड्यूकमेजियन यांचे चाचणीतज्ज्ञ लान्स टॅरन्स यांच्या मते त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांत लढत अखेरीस चुरशीची झालेली दिसत होती, म्हणजे लपवाछपवी मानण्याची गरजच नाही. उलट पक्षी, वाइल्डर आणि त्याच वर्षीचे न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डेव्हिड डिंकिन्स यांची उदाहरणे एवढ्याने निकालात निघत नाहीत. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल हॉपकिन्स यांनी २००९ मध्ये मांडलेला निष्कर्ष या दोन टोकांत अधिक ग्राह्य वाटतो : परिणाम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत खरा होता, मध्यावर तो ओसरला.

२००८ च्या हिवाळ्यात हे कोणालाच ठाऊक नव्हते. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुकांत ३ जानेवारीला आयोवात, जेथे नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे आहेत, ओबामा जिंकले. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशरमध्ये चाचण्यांत पुढे असूनही ते पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरले आणि ब्रॅडलींचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. चाचणीतज्ज्ञ अँड्र्यू कोहट यांनी वेगळे कारण सुचवले : चाचणीला नकार देणाऱ्या गरीब गोऱ्यांत कृष्णवर्णीयांविषयी प्रतिकूल मत अधिक असते, म्हणजे दोष खोट्या उत्तरांत नसून न दिलेल्या उत्तरांत असू शकतो. चाचणीतज्ज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या समितीला पुढे वर्णाधारित लपवाछपवीचा ठोस पुरावा आढळला नाही. आयोवाचा निकाल अधिक निर्णायक मानावा लागेल. गोरे लोक मत देतील की नाही, या शंकेपोटी क्लिंटन यांच्याकडे राहिलेला कृष्णवर्णीय मतदार त्यानंतर झपाट्याने वळला. २६ जानेवारीला दक्षिण कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मते पडली. नागरी हक्क चळवळीतील नेते जॉन ल्यूइस यांनीही फेब्रुवारीत बाजू बदलली.

१८ मार्चचे फिलाडेल्फियाचे भाषण ओबामांच्या चर्चचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या अमेरिकेवर कडक टीका करणाऱ्या प्रवचनांवरून उठलेल्या वादळामुळे करावे लागले. त्यात ओबामांनी आपल्या गोऱ्या आजीचा उल्लेख केला : नातवावर जीव ओवाळून टाकणारी ही बाई रस्त्यात शेजारून जाणाऱ्या काळ्या पुरुषांची भीती वाटते, असे कबूल करी. गोऱ्यांच्या भीतीला इतक्या जवळून आणि इतक्या मायेने नाव देणारा दुसरा उमेदवार दाखवता येत नाही. ती आजी मतदानाच्या जेमतेम आधी वारली.

विरोधकांच्या गोटातील भीतीने अफवांचे रूप घेतले : ते मुसलमान आहेत, त्यांचा जन्म अमेरिकेत झाला नाही (ते होनोलुलूत, १९६१ मध्ये जन्मले). १० ऑक्टोबरला मिनेसोटातील सभेत एका बाईने त्यांना ‘अरब’ म्हटले, तेव्हा रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी तिच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि प्रतिस्पर्ध्याची बाजू घेतली.

४ नोव्हेंबरला ओबामांना ५२.९ टक्के मते व निर्वाचक मंडळातील (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या मंडळातील) ५३८ पैकी ३६५ मते मिळाली. चाचण्यांचे अंदाज साधारण बरोबर ठरले. त्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये ते गोळीरोधक काचेच्या भिंतींमधून बोलले. गर्दीत जेसी जॅक्सन रडत होते. कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे प्रमाण २००४ च्या तुलनेत सुमारे पाच टक्के-बिंदूंनी वाढले आणि २०१२ मध्ये जनगणना कार्यालयाच्या पाहणीनुसार ते प्रथमच गोऱ्यांपेक्षा अधिक झाले. या वाढीत आशेचा वाटा किती आणि घरोघर जाऊन मतदार नोंदवणाऱ्या कार्यकर्त्यांचा किती, याबद्दल मतभेद आहेत; नोंदणीच्या कामाला आजवर मिळाले त्याहून अधिक श्रेय द्यायला हवे, असे दिसते.