सरकारी दवाखान्याला माल देताय? आधी पैशाचा रस्ता पाहा

"माल तर फेब्रुवारीतच टाकला, पैसे कुठं अडले?" नागपूरच्या गांधीबागेतल्या आमच्या टेबलावर हा प्रश्न वर्षभर येतो, एप्रिलमध्ये तर रोज. सरकारी रुग्णालयांना औषधं आणि सर्जिकल माल पुरवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांची टेंडरची कागदपत्रं, बिलं आणि बँकेची कामं आम्ही करतो. हे पत्रक त्यांच्यासाठीच.

तिजोरी कोणाची?

नागपुरात सगळ्यालाच आपण "सरकारी दवाखाना" म्हणतो, पण मेडिकल आणि मेयो ही महाविद्यालयांची रुग्णालयं राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, मिहानमधलं एम्स केंद्राकडे आणि महापालिकेचे दवाखाने महापालिकेकडे. प्रत्येकाचं अनुदान वेगळं, बिल मंजूर करणारा टेबलही वेगळा. राज्याच्या रुग्णालयांची मोठी खरेदी २०२३ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत व्हायची आहे. आपल्यासारख्यांच्या वाट्याला बहुतेक स्थानिक खरेदी येते, म्हणजे प्राधिकरणाचा माल पोचला नाही की निघणारी तातडीची ऑर्डर. घाई त्यांना मालाची असते, पैशाची नसते. ऑर्डर हातात आल्यावर पहिला प्रश्न दराचा नको. त्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सरकारी खात्यात) अनुदान आलंय का, ते लेखा विभागात विचारा. राज्याचं अनुदान बीम्स या सरकारच्या ऑनलाइन अनुदान-वाटप प्रणालीवर येतं आणि तिथं रक्कम नसेल तर चोख बिलही कपाटात पडून राहतं. ३१ मार्चला न वापरलेलं अनुदान परत जातं. मग तुमचं बिल पुढच्या वर्षाच्या रांगेत लागतं.

बिल अडतं ते स्टोअरच्या खिडकीवर

आमच्याकडे येणारी निम्मी अडलेली बिलं कोषागारात अडलेली नसतातच. चलानवर बॅच एक, खोक्यावर दुसरी. पुरवठा आदेशात १० मिलीची व्हायल, पाठवली ५ मिलीची दुप्पट. औषध तेच असेल, पण साठा नोंदवहीत ते चढत नाही आणि नोंद नाही तर बिल नाही. स्टोअरवाले किचकट वाटतात खरे, पण २०२४ मध्ये नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत बनावट प्रतिजैविक गोळ्या सापडल्यावर त्यांनी काटेकोर असावं हेच बरं. चाचणी अहवाल, २०-ब आणि २१-ब (औषधांच्या घाऊक विक्रीच्या) परवान्याची प्रत, मुदत संपण्याची तारीख हे सगळं मालासोबतच द्या. मागून नेऊन देतो म्हणाल तर महिना गेला समजा.

थंड साखळीचा, म्हणजे सतत थंडच ठेवावा लागणारा माल असेल तर आणखी जपा. मागे एकदा मे महिन्यात आमच्याच एका ग्राहकाचा इन्सुलिनचा टेम्पो एका रुग्णालयाच्या आवारात दुपारभर उभा राहिला. बर्फाच्या पिशव्या विरघळल्या, २ ते ८ अंश कुठचे राहायला? अख्खा माल परत आला. तेव्हापासून आम्ही एकच सांगतो, उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पोचा आणि खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा.

"४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात ना?"

सगळ्यांना नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याजही आहे. पण २ जुलै २०२१ च्या आदेशानं घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) परत मिळाली ती केवळ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. तुम्ही हिंगणा एमआयडीसीत गॉज-बँडेज बनवत असाल तर सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. दुसऱ्याचा माल विकत असाल तर या कायद्यावर विसंबून उधारी वाढवू नका. ट्रेड्सवर (बिलाचे पैसे आधीच मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल वटवायचं तर आधी खरेदीदारानं तिथं यायला हवं.

हिशेब घरीच करून पाहा. बिल ५ लाखांचं, तुमची खरेदी ४,६५,००० ची, म्हणजे नफा ३५,०००. सीसीवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ४,६५० रुपये जातात. साडेसात महिन्यांत नफा संपला, टेम्पोभाडं अजून बाकीच. शिवाय मासिक रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतोच, पैसे आलेले असोत वा नसोत. बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात) धरत नाहीत, म्हणजे जुनं बिल लिमिटही खातं.

एक विसरलेली रक्कम मात्र बहुतेकांच्या नावे निघते. अडीच लाखांवरच्या करारावर सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी घेतलेला कर, कापतं. जीएसटी पोर्टलवर जाऊन ती स्वीकारली की तुमच्या रोख लेजरमध्ये (कर भरायला वापरायच्या खात्यात) जमा होते. मागच्या वर्षाची तपासून घ्या.

आमचं काम

माल देण्याआधी कागद तपासणं, बिल कुठल्या टेबलावर आहे ते शोधणं, आक्षेपाला उत्तर देणं, बँकेसाठी येण्यांची यादी बनवणं. "बिल पास करून देतो" म्हणणारे बाजारात आहेत, ते आम्ही नाही. येताना पुरवठा आदेश, शिक्का-सहीचं चलान आणि स्टॉक एन्ट्रीची पावती आणा. आदेश हातात नसेल, नुसत्या फोनवर माल दिला असेल, तर आधी स्टोअरकडून लेखी आदेश घ्या, मग या.