अर्बन फँटसी की पॅरानॉर्मल रोमान्स? मुखपृष्ठ बघून ठरवू नका

अर्बन फँटसी आणि पॅरानॉर्मल रोमान्स हे इंग्रजी कादंबऱ्यांचे दोन प्रकार. दोन्हींत व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणारे, असतात, दोन्हींत लांडग्याचं रूप घेणारी माणसं असतात, दोन्हींत कुणाच्या बापाला न भिणारी नायिका असते आणि ती कधी ना कधी प्रेमात पडतेच. मग फरक कुठे? कुडाळ-मालवणकडच्या माझ्या ओळखीतल्या मुली ही पुस्तकं फोनवरच वाचतात, कारण इथल्या दुकानांत ती सहसा दिसत नाहीत. फोनवर आधी डोळ्यांत भरतं ते मुखपृष्ठ. जिला खुनाचा तपास हवा असतो तिच्या पदरात अडीचशे पानांची ओढाताण आणि हुरहुर पडते, आणि जिला प्रेमकथा हवी असते ती तीन पुस्तकं नुसती वाट बघत बसते. मग दोघीही म्हणतात की हा प्रकार आपल्यासाठी नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण दोघींसाठीही यात उत्तम पुस्तकं आहेत.

पॅरानॉर्मल रोमान्स ही आधी प्रेमकथा, मग बाकी सगळं. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेने प्रेमकथेच्या दोन अटी सांगितल्या आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. नलिनी सिंग यांचं ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ (२००६) घ्या. लेखिका फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या. त्यांच्या जगात ‘साय’ नावाच्या जमातीला अफाट मनःशक्ती आहे, पण भावना लहानपणापासून शिकवून शिकवून मारून टाकलेल्या. नायिका साशा हिच्या भावना मेलेल्या नाहीत आणि हे ती जिवाच्या भीतीने लपवते आहे. तिची गाठ पडते बिबट्याचं रूप घेणाऱ्या लुकासशी. पुस्तकात खुनी शोधायचा आहे, राजकारणही आहे, पण वाचताना जीव अडकतो तो एकाच गोष्टीत: ही बाई स्वतःला प्रेम करू देणार का? ते ठरलं की पुस्तक संपतं. पुढच्या पुस्तकात नवी जोडी येते, भविष्य दिसणारी फेथ आणि जग्वारचं रूप घेणारा वॉन. साशा आणि लुकास तिथे शेजारीपाजारी होऊन राहतात.

अर्बन फँटसीत, म्हणजे शहरात घडणाऱ्या जादूच्या कथेत, नायिका बदलत नाही, आणि तिचा कामधंदाही सुटत नाही. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्प्सन मला सगळ्यांत जवळची. ‘मून कॉल्ड’ (२००६) पासून सुरू झालेली ही मालिका अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, ट्राय-सिटीज भागात घडते. मर्सी मेकॅनिक आहे, जुन्या फोक्सवॅगन दुरुस्त करणारी. तिला कायोटी होता येतं. कायोटी म्हणजे तिकडचा कोल्ह्याएवढा, लांडग्यापुढे अगदीच किरकोळ प्राणी. तिचा शेजारी ॲडम मात्र लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या, टापटिपीचा आणि हुकूम सोडायची सवय असलेला. त्याच्याशी ताकदीने भिडणं तिला शक्य नाही. म्हणून ती आपल्या आवारात, बरोब्बर त्याला दिसेल अशा जागी, एक मोडकी रॅबिट गाडी उभी करून ठेवते, आणि त्याने जास्त शहाणपणा केला की त्या गाडीचा आणखी एखादा भाग काढून ती आणखी भकास करते. अख्खी मर्सी त्या गाडीत दिसते. कुठे आपलं चालत नाही हे तिला पक्कं माहीत आहे, आणि तरीही ती ऐकून घेत नाही.

या दोघांचं लग्न होतं ते सहाव्या पुस्तकात, ‘रिव्हर मार्क्ड’ (२०११) मध्ये. प्रेमकथेत तिथे पडदा पडला असता. इथे मालिका त्यापुढे निम्म्याहून जास्त चालते, कारण मुळातला प्रश्न लग्नाचा नव्हताच. आपल्याहून बलवान असलेल्यांच्या मधोमध, त्यांच्या मेहेरबानीवर न जगता, ही बाई कशी टिकते हा तो प्रश्न आहे, आणि तो लग्नाने सुटत नाही.

दुसरी खूण गावाची. अर्बन फँटसीतून शहर उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. इलोना अँड्र्यूज या नावाने लिहिणाऱ्या पतिपत्नींच्या ‘मॅजिक बाइट्स’ (२००७) मधलं अटलांटा बघा. तिथे जादूची लाट येते तेव्हा वीज जाते, बंदुका चालत नाहीत, साध्या गाड्या जागच्या जागी बंद पडतात. लाट ओसरली की सगळं पूर्ववत. उंच इमारती जादूने पोखरून कोसळलेल्या आहेत. नायिका केट डॅनियल्स तलवार बाळगते ती ऐट म्हणून नव्हे, तर लाट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून. भर पावसाळ्यात लाइट कधी जाईल या हिशेबाने पाणी चढवून ठेवणाऱ्या, मोबाइल चार्ज करून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला हे जग समजावून सांगावं लागत नाही.

आणि हद्दीचंही तसंच. या कादंबऱ्यांत लांडग्यांची टोळी आपला इलाखा राखते, व्हॅम्पायरांचा आपला वेगळा कारभार असतो, बाहेरच्याने कुणाच्या हद्दीत शिरताना रीत पाळायची असते. कोकणात वाढलेल्या माणसाला हद्द राखणारा देवचार ठाऊक असतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, त्यात त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. अदृश्य शक्तीला ठरलेली हद्द असते, तिच्याशी बोलायची पद्धत असते, दिलेला शब्द मोडला तर परिणाम भोगावे लागतात, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून माझं ठाम मत आहे की कोकणातल्या वाचकाला यातली अर्बन फँटसी लवकर आपलीशी वाटेल.

एका बाबतीत मात्र ती आपल्या गजालींहून फार वेगळी आहे. आपल्याकडच्या गोष्टींत बाईच्या अंगी अचाट शक्ती येते ती बहुतेकदा ती मेल्यावर. बाळंतपणात गेली तर अळवंत, नाहीतर हडळ, जखीण. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही तिला मेल्यावर सगळे घाबरतात. देवीची गोष्ट निराळी, ती माणूस नव्हे. मर्सी आणि केट या जिवंत बायका आहेत. त्यांना बिलं भरायची असतात, झोप अपुरी पडते, मार लागतो आणि दुखतोही. केट आपल्या रक्ताचा थेंबही मागे राहू देत नाही, भिजलेली बँडेजं जाळून टाकते, कारण ती कोण आहे हे त्या रक्तावरून ओळखता येईल. तिची शक्ती हेच तिच्यावरचं संकट आहे. पॅरानॉर्मल रोमान्समधली नायिका दुबळी असते असं मुळीच नाही, साशा चांगलीच समर्थ आहे. पण तिची शक्ती फुलते ती त्या नात्यात, आणि मर्सी-केटची कसोटी लागते ती कामावर.

सीमेवरची पुस्तकं आहेतच, आणि घोळ मुख्यतः त्यांनीच होतो. लॉरेल के. हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक १९९३ मध्ये आली तेव्हा सेंट लुईसमध्ये मृतांना उठवण्याचा धंदा करणारी, व्हॅम्पायरांचा निकाल लावणारी होती आणि तपास हाच कथेचा कणा होता. दहाव्या पुस्तकापासून, ‘नार्सिसस इन चेन्स’ (२००१) पासून, शरीरसंबंध आणि नाती यांनी बरीच जागा घेतली. मालिका तीच, पण पहिली नऊ आवडलेल्या वाचकाला पुढची आवडतीलच असं नाही. नलिनी सिंग यांचीच ‘एंजल्स ब्लड’ (२००९) पासूनची मालिका न्यूयॉर्कमध्ये घडते. नायिका एलेना व्हॅम्पायरांचा माग काढणारी, म्हणजे धंदा अर्बन फँटसीचा, पण कथेचा जीव तिच्या आणि राफाएल या देवदूताच्या नात्यात. मी ती रोमान्समध्ये ठेवते.

घेताना एवढं बघा. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा पुरुष असेल तर बहुधा रोमान्स. हत्यार घेतलेली, जाकीट घातलेली एकटी बाई असेल तर बहुधा अर्बन फँटसी. यावर पूर्ण विसंबू नका, विक्रीसाठी चित्रं बदलतात. त्यापेक्षा मालिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाची ओळख वाचा. नायिका तीच असेल तर एक प्रकार, दर वेळी नवी जोडी असेल तर दुसरा. अर्बन फँटसी पहिल्या भागापासूनच वाचावी, मधून उचलली तर जुन्या जखमा आणि पूर्वी दिलेले शब्द कळत नाहीत. रोमान्स मधूनही उचलता येते, पण साशाच्या मालिकेत मागे एक मोठं राजकारण उलगडत जातं, त्यामुळे तीही क्रमानेच घ्या.

दहावी-बारावीतल्या भाचीला किंवा पुतणीला देणार असाल तर आधी स्वतः वाचा, दोन्ही प्रकार मोठ्यांसाठी लिहिलेले आहेत. मर्सीच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘आयर्न किस्ड’ (२००८) मध्ये, तिच्यावर बलात्कार होतो. लेखिका तो प्रसंग उरकून पुढे पळत नाही. चौथ्या पुस्तकात मर्सीला अचानक धाप लागते, घाम फुटतो, आणि तशातच ती गॅरेज उघडायला जाते. ज्यांना हा विषय झेपणार नाही त्यांनी केटपासून सुरुवात करावी.