मर्टल्सची क्लोई आणि कागदांतली माणसं

दिवे मालवलेल्या खोलीत चार-पाच माणसं बसलेली. एकाच्या हातात चुंबकीय क्षेत्र मोजणारं छोटंसं यंत्र, दुसऱ्याकडे आवाज टिपणारा रेकॉर्डर. "क्लोई, तू इथे आहेस का?" यंत्रावरचा दिवा लुकलुकतो आणि सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. जुन्या घरातल्या वायरिंगने किंवा खिशातल्या मोबाइलनेही तो लागतो, पण पैसे मोजून आलेल्या माणसाला त्या क्षणी हे ऐकायचं नसतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जुन्या मळ्यांवरच्या वाड्यांमध्ये असे रात्रभराचे भूतशोध चालतात. त्यात सगळ्यात गाजलेलं घर म्हणजे लुइझियानातल्या सेंट फ्रान्सिसव्हिलचं 'द मर्टल्स'. ते १७९६ च्या सुमारास डेव्हिड ब्रॅडफर्डने बांधलं. व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियात १७९४ साली जे बंड झालं, त्यातला हा पुढारी स्पेनच्या ताब्यातल्या या मुलखात पळून आला होता. १८३४ मध्ये मळा स्टर्लिंग कुटुंबाने घेतला, घर वाढवलं आणि आवारातल्या क्रेप मर्टलच्या झाडांवरून नाव दिलं. ही झाडं म्हणजे आपल्या ताम्हणाची सख्खी भावंडं.

क्लोईची गोष्ट या दोन टप्प्यांच्या मधली. घरात तेव्हा ब्रॅडफर्डचा जावई क्लार्क वुड्रफ राहत होता. क्लोई त्याची गुलाम. दाराआड ऐकताना सापडली म्हणून त्याने तिचा कान कापला, तेव्हापासून ती डोक्याला हिरवं फडकं बांधू लागली. पुढे तिने केकमध्ये कण्हेरीचा अर्क मिसळला आणि मालकीण सारा व तिच्या दोन मुली गेल्या. कण्हेर किती विषारी असते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, त्यामुळे गोष्ट लगेच पटते.

नोंदी मात्र वेगळंच सांगतात. सारा १८२३ मध्ये पीतज्वराने वारली. मुलं गेली ती पुढच्या वर्षी, त्याच तापाने, आणि त्यांतला एक मुलगा होता. दुसरी मुलगी ऑक्टेव्हिया चांगली मोठी झाली. वुड्रफच्या गुलामांच्या नोंदींत क्लोई नावाची बाई सापडलेली नाही. घरात दहा खून झाल्याचं सांगतात. कागदोपत्री सापडतो तो एकच, १८७१ साली व्हरांड्यात गोळी लागून मेलेल्या विल्यम विंटरचा. दंतकथेत तोही जिना चढतो आणि बरोबर सतराव्या पायरीवर कोसळतो.

मळ्यावरच्या भुताचा त्याआधीचा धंदा जास्त भयंकर होता. गुलामांनी रात्री वस्तीबाहेर पडू नये म्हणून मालक आणि गस्तवाले भुताखेतांच्या गोष्टी पसरवत, कधी स्वतःच पांढऱ्या चादरी पांघरून फिरत. गुलामी संपल्यावर हेच सोंग कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेने उचललं. घोडेस्वार मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या दारी येऊन पाणी मागायचा, अंगरख्याखाली लपवलेल्या पिशवीत अख्खी बादली रिकामी करायचा आणि म्हणायचा, यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत मेल्यापासून हा पहिलाच घोट. सगळे फसत नव्हते. १८७१ मध्ये संसदीय समितीपुढे कित्येकांनी सांगितलं, की आवाजावरून, घोड्यावरून आम्ही माणूस ओळखला होता.

मर्टल्स गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पाहुण्यांसाठी खुलं झालं आणि क्लोई देशभर पोहोचली. १९९२ च्या एका फोटोत ती दिसते म्हणतात. त्याचं पोस्टकार्डही निघालं.

याच गावासमोर, मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर पॉइंट कूपी परगणा आहे. तिथल्या न्यायालयात १९८४ साली ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंना गुलामांच्या खरेदी-विक्रीची आणि वारसा-वाटपाची जुनी दफ्तरं मिळाली. पुढची पंधरा वर्षं त्या लुइझियानाभरचे असे कागद चाळत राहिल्या. त्यातून लाखावर माणसांची यादी तयार झाली: नाव, वय, येत असलेलं काम, असलेला आजार आणि लावलेली किंमत.