सामाजिक निर्देशन

दुखण्यामागे एकटेपणा, कर्ज, बेकारी किंवा ओलसर घर असेल, तर रुग्णाला औषधाबरोबर किंवा त्याऐवजी वस्तीतील बिगरवैद्यकीय मदतीकडे पाठविण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये ती ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ या नावाने रूढ आहे. डॉक्टर रुग्णाला ‘लिंक वर्कर’कडे सोपवितो, तो रुग्णाशी निवांत बोलून त्याला कर्जसल्ला, बागकाम मंडळ, गायनवृंद इत्यादींशी जोडून देतो.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो लंडनमधील पेकमच्या पायोनियर हेल्थ सेंटरपर्यंत (१९२६–५०) मागे नेतात. जॉर्ज स्कॉट विल्यमसन व इनेस पिअर्स या डॉक्टरांच्या या केंद्रात कुटुंबे साप्ताहिक वर्गणी भरत. पोहणे, खेळ व ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी असा लाभ त्यांना मिळे. परंतु सभासद तेथे आपणहून येत, कोणी चिठ्ठी देऊन पाठवीत नसे. त्यामुळे त्याला पूर्वपीठिका म्हणणेच योग्य. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे जॅक गायगर यांच्या आरोग्यकेंद्राने १९६० च्या दशकात कुपोषितांसाठी अन्नाचीच चिठ्ठी लिहून खर्च औषधांच्या खात्यावर टाकला. मराठीतील ‘डॉक्टरची चिठ्ठी’ औषधाचीही असते आणि दुसरीकडे पाठविण्याचीही. गायगर यांची पहिल्या अर्थाची होती, आजची पद्धत दुसऱ्या अर्थाची. सध्याच्या स्वरूपाचा आरंभ बहुधा पूर्व लंडनच्या ब्रॉमली बाय बो केंद्रात (स्थापना १९८४) शोधावा लागतो.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१९ मध्ये ही पद्धत देशव्यापी केली. २०२०-२१ अखेर १,००० हून अधिक लिंक वर्कर आणि २०२३-२४ पर्यंत ९ लाखांहून अधिक रुग्ण, असे तिचे लक्ष्य होते.

आरोग्यविषमता तिने कमी होते का, हे अनिर्णित आहे. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलेला ‘व्यस्त सेवेचा नियम’ असा : जेथे गरज जास्त, तेथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. तो येथेही लागू पडतो. ज्या वस्तीत मंडळे आणि सल्लाकेंद्रेच उरली नाहीत, तेथे चिठ्ठी कोणाच्या नावे लिहायची? ग्लासगोच्या अतिवंचित भागांतील दवाखान्यांत राबविलेल्या या पद्धतीच्या मूल्यमापनात (२०१९) रुग्णांच्या आरोग्यविषयक जीवनगुणवत्तेत एकंदर लक्षणीय फरक आढळला नाही. लिंक वर्करला तीन किंवा अधिक वेळा भेटलेल्यांत सुधारणा दिसली. मात्र वारंवार येऊ शकणारे मुळातच थोडे सावरलेले असावेत, ही शंका राहते. उत्पन्न आणि घर यांना थेट हात घालणारा सल्ला गायनवृंदापेक्षा विषमतेच्या मुळाशी अधिक जातो, असे मत मांडले जाते व ते ग्राह्य वाटते.